साथीच्या दिवसांतली सोबत



मागच्या धड्यात आपण पिण्याच्या पाण्याविषयी वाचले. आजचा धडा बाळंतपणाविषयी आहे. पुरुष मंडळींनी पान उलटू नये. हा धडा त्यांच्यासाठीही आहे. मला स्वतःला तो फार उशिरा समजला. कसा समजला, ते आधी सांगतो.

१. फाटकापाशी

२०२० सालचा श्रावण होता. कोरोनाची साथ गावोगाव पोचली होती. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. माझ्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही आपली रीत. तिचे माहेर सोलापूर जिल्ह्यात. पण जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवाना लागत होता. त्यात तिच्या माहेरच्या गावात रोगी निघाले होते. तेव्हा बाळंतपण आमच्याकडेच करायचे ठरले.

एका रात्री पाऊस पडत होता. सुनेला कळा सुरू झाल्या. आशाताईंना फोन केला. त्यांनी १०२ नंबरची गाडी बोलावली. गाडीत सुनेबरोबर आमची मंडळी बसली. मी आणि धाकटा मुलगा मोटारसायकलवरून मागे निघालो. भिजतच दवाखान्यात पोचलो.

फाटकावर पहारेकरी उभा होता. त्याने हात आडवा केला.

"एकट्या ताईच आत जातील. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं."

मी पुढे झालो. त्याने मला ओळखले. तो माझ्याच शाळेतला मुलगा.

"गुरुजी, माफ करा," तो म्हणाला. "चार दिवसांपूर्वी आतल्या दोघांना रोग निघाला. कोणालाच सोडू नका, असा हुकूम आहे. नियम पाळायला तुम्हीच शिकवलंत ना?"

यावर मी काय बोलणार?

सून फाटकातून आत गेली. दोन पावलांवर थांबली. मागे वळून म्हणाली, "आत्या, तुम्ही तरी चला ना." आमची मंडळी जागची हलली नाही. हलता येत नव्हते. नर्सबाई आल्या आणि सुनेला आत घेऊन गेल्या.

मी मुलाला म्हणालो, "चल घरी. इथं पावसात थांबून तू काय करणार? बाळंतपण हे बायकांचं काम. तू झालास तेव्हा मी शाळेत पेपर तपासत बसलो होतो. काय बिघडलं?"

मुलगा म्हणाला, "आण्णा, मी नाही येणार."

तेवढ्यात आमची मंडळी बोलली. ती सहसा चारचौघांत माझे बोलणे खोडत नाही. त्या रात्री ती म्हणाली, "हा झाला तेव्हा तुम्ही नव्हता, हे खरं. पण माझ्याजवळ माझी आई होती. रात्रभर माझा हात धरून बसली होती. हिच्याजवळ कोण आहे?"

मी गप्प झालो. तिघेही तिथेच थांबलो. फाटकाशेजारी कडुलिंबाचे झाड होते. त्याखाली रात्र काढली.

२. दार का बंद केले?

आता पहारेकऱ्याची बाजू पाहू. दवाखान्याने दार उगाच बंद केले नव्हते.

कोरोना हा रोग श्वासावाटे पसरतो. रोगी बोलतो, खोकतो, शिंकतो. तेव्हा त्याच्या तोंडातून फार बारीक थेंब बाहेर पडतात. त्या थेंबांत रोगाचे विषाणू असतात. बंद खोलीत, गर्दीत, खेळती हवा नसली की ते जवळच्या माणसाच्या श्वासात जातात.

यातली कठीण गोष्ट अशी. विषाणू अंगात शिरला तरी माणूस लगेच आजारी पडत नाही. २ ते १४ दिवस लागू शकतात. काही जणांना ताप येतच नाही. वरून माणूस धडधाकट दिसतो. पण तो दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे पेढे घेऊन आलेला मामा रोगही घेऊन आलेला असू शकतो. ते त्यालाही ठाऊक नसते.

गरोदर बाईला हा रोग झाला, तर तो जास्त जोर करू शकतो. बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची भीतीही वाढते. बाळंतिणींच्या खोलीत एक बाई नसते. पाच-दहा बाया असतात. पाच-दहा तान्ही बाळे असतात. एकेका बाईला भेटायला चार चार माणसे आली, तर खोलीत जत्रा भरेल.

आणखी एक. दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स मोजकेच असतात. त्यांतले दोघे-तिघे आजारी पडले, तर बाळंतपण करणार कोण?

म्हणून २०२० साली जगभरच्या दवाखान्यांनी भेटणाऱ्यांना बंदी केली. गर्दी बाहेर ठेवली, ते योग्यच झाले.

३. जुनी बाळंतिणीची खोली

आपल्याकडे ही रीत नवी नाही. आपल्या आजीच्या काळची बाळंतिणीची खोली आठवा. त्या खोलीत कोणी उठून जात नसे. दाराशी कडुलिंबाचा डहाळा असे. धुरी असे. परक्या माणसाला आत मज्जाव. बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय बाळाला शिवायचे नाही. बारा दिवसांनी बारसे होई. मग लोक बाळ पाहायला येत.

त्या खोलीत वाईट गोष्टीही होत्या. खोली अंधारी असे. धुराने जीव गुदमरे. नाळ कापायला विळा घेत. तो उकळलेला नसे. त्यामुळे धनुर्वात होऊन कितीतरी बाळे दगावत. अंगावरून जास्त गेले, तर बाईही दगावे. म्हणून आज आपण बाळंतपण दवाखान्यात करतो. तेच बरोबर आहे.

पण त्या खोलीतली एक गोष्ट पाहा. भेटणाऱ्यांना दार बंद होते. तरी बाळंतीण एकटी नव्हती. कळा देताना सुईण जवळ असे. आई किंवा सासू जवळ असे. कोणी पाठ चोळी. कोणी गरम पाणी आणी. कोणी नुसताच हात धरी.

आपल्या आज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्यांना एक फरक ठाऊक होता. भेटायला येणारा वेगळा आणि सोबत करणारा वेगळा. भेटायला येणारा घटकाभर येतो आणि जातो. आज या घरी, उद्या त्या घरी. सोबत करणारा येतो आणि राहतो. बाई मोकळी होईपर्यंत तो जागचा हलत नाही.

साथीच्या घाईत कित्येक दवाखाने हा फरक विसरले. भेटणाऱ्यांबरोबर सोबतीलाही बाहेर काढले.

४. सोबतीने काय होते?

कोणी म्हणेल, "डॉक्टर आहेत, नर्स आहेत. मग सोबत कशाला? मायेपोटीच ना?" मायेपोटी तर आहेच. पण तेवढेच नाही.

१७ देशांत मिळून या गोष्टीचा अभ्यास झाला. असे २६ अभ्यास झाले. १५,००० हून अधिक बाया त्यात होत्या. काहींजवळ कळा देताना सतत कोणीतरी सोबत होते. काहींजवळ तसे नव्हते. हे सर्व एकत्र करून २०१७ साली निष्कर्ष छापला गेला. सोबत असलेल्या बायांचे बाळंतपण आपोआप, नैसर्गिक होण्याचे प्रमाण जास्त निघाले. कळांचा वेळ थोडा कमी झाला. सिझर कमी करावे लागले. मन घाबरले की अंग आवळते. धीर मिळाला की अंग सैल होते. बाईला हे सांगावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की प्रत्येक बाईला कळा देताना तिच्या पसंतीचा एक सोबती जवळ असावा. कोरोनाच्या काळातही तिने हेच सांगितले.

आपल्या देशाच्या सरकारनेही २०१६ साली हे मान्य केले. सरकारी दवाखान्यांना तशा सूचना दिल्या. त्या सूचना साध्या आहेत. आपण त्या नीट वाचू.

सोबती ही नात्यातली बाई असावी. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असेल तर उत्तम.
तिला संसर्गाचा रोग नसावा.
तिचे कपडे स्वच्छ असावेत.
बाळंतपण होईपर्यंत थांबायची तिची तयारी असावी.
तिने डॉक्टरांच्या आणि नर्सच्या कामात आडवे येऊ नये.
तिने खोलीतल्या दुसऱ्या बायांची कामे करू नयेत.

यात नवऱ्याविषयीही सांगितले आहे. जिथे प्रत्येक बाईसाठी आडोसा आहे, तिथे नवरा सोबती म्हणून आत जाऊ शकतो. आडोसा नसेल, तर दुसऱ्या बायांना संकोच होतो. म्हणून तिथे नवऱ्याला आत घेत नाहीत.

५. परमुलखातही हेच झाले

हा प्रश्न फक्त आपल्या तालुक्याचा नव्हता. श्रीमंत देशांतही तो आला.

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे मोठे शहर आहे. २०२० च्या मार्च महिन्यात तिथे साथीने कहर केला. तिकडे बाळंतपणाच्या वेळी नवरा जवळ राहतो. ती त्यांची रीत. पण तिथल्या काही दवाखान्यांनी नवऱ्यालाही बंदी केली. गरोदर बाया घाबरल्या. त्यांनी आवाज उठवला. २८ मार्च २०२० रोजी तिथल्या राज्याच्या प्रमुखाने हुकूम काढला. कळा देणाऱ्या बाईजवळ एक सोबती राहू द्यावा. त्याला ताप मात्र नसावा.

इंग्लंडमध्ये कित्येक दवाखान्यांनी नवऱ्याला अगदी शेवटच्या घटकेला आत घेतले. बाळ जन्मल्यावर थोड्याच वेळात घरी पाठवले. तपासणीला बाईने एकटीनेच जायचे. तपासणीत वाईट बातमी कळली, तर ती एकटीनेच ऐकायची. पुढे २०२० च्या डिसेंबरात तिथल्या आरोग्य खात्याने दवाखान्यांना कळवले, की बाईबरोबर एका माणसाला येऊ द्यावे.

म्हणजे पाहा. दार सगळीकडे बंद झाले. मग विचार करून एका माणसापुरते उघडले. गर्दी बाहेर, सोबती आत. आपल्या आज्यांची जुनी रीतच शेवटी उपयोगी पडली.

६. आमच्या सुनेचे काय झाले?

आता पुन्हा आमच्या झाडाखाली येऊ.

आत गेल्यावर सुनेचा स्वॅब घेतला. तिला रोग नव्हता. खोलीत आणखी दोघी होत्या. नर्सबाई एकच. त्या या खाटेकडून त्या खाटेकडे धावत होत्या. त्यांच्या अंगावर प्लास्टिकचा झगा होता. आत घामाच्या धारा लागलेल्या. सुनेला तहान लागली. पण पाणी मागायचे कोणाकडे? मध्यरात्री तिचा मोबाईल बंद पडला. चार्जर आमच्याकडच्या पिशवीत राहिला होता. मुलगा रात्रभर फोन लावत होता. पलीकडून उत्तर नाही. बाई एकटी कळा सोसत होती. आम्हाला ते कळत नव्हते.

सकाळी डॉक्टर आले. मुलगा रागाने उठला. मी त्याला खाली बसवले. टोपी नीट केली, तोंडावरचा मास्क वर ओढला आणि चार हात दूर उभा राहून बोललो.

"डॉक्टरसाहेब, आम्हाला भेटायचं नाही. बाळ पाहायलाही आम्ही नंतर येऊ. पण सुनेजवळ एक बाई हवी. तिची तपासणी करा. एकदा आत गेली की बाळंतपण होईपर्यंत ती बाहेर येणार नाही."

डॉक्टर रात्रभर जागे दिसत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी आमच्या मंडळीकडे पाहिले. म्हणाले, "आजींना आत घेता येणार नाही. या वयात रोग झाला तर जिवावर बेतेल. घरात तरुण बाई कोणी आहे?"

थोरल्या सुनेला फोन केला. तिला दोन मुले आहेत. अंगाने ठणठणीत. ती धुतलेले लुगडे नेसून तासाभरात आली. तिची तपासणी झाली. अर्ध्या तासात निकाल आला. रोग नव्हता. तिने मास्क बांधला, साबणाने हात धुतले आणि पाण्याची बाटली, चार्जर घेऊन ती आत गेली.

धाकटी तिला पाहून रडली. थोरली म्हणाली, "रडतेस कशाला? मी आले ना. चल, थोडं पाणी पी."

पुढे दिवसभर थोरलीने तिला धरून चालवले. पाठ चोळली. घोट घोट पाणी पाजले. दर तासाला बाहेर फोन करून खबर दिली. दुपारी तीनच्या सुमारास सून मोकळी झाली. मुलगी झाली.

खरी गोष्ट यानंतर घडली. नर्सबाई दुसऱ्या खाटेकडे गेल्या होत्या. थोरलीचे लक्ष धाकटीच्या कपड्यांकडे गेले. एक कापड भिजले. दुसरे दिले, तेही पाहता पाहता भिजले. धाकटीचा चेहरा पांढरा पडत होता. ती बोलेना. थोरलीने मोठ्याने हाक मारली. नर्सबाई धावत आल्या. डॉक्टर आले. इंजेक्शन दिले. सलाईन लावले. पोट चोळले. काही वेळाने अंगावरून जाणे थांबले.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गुरुजी, तुमच्या थोरल्या सूनबाईंनी वेळेवर हाक मारली."

एवढेच म्हणाले. मला झाडाचा आधार घ्यावा लागला. आदल्या रात्री मीच मुलाला म्हणालो होतो, इथं थांबून काय करणार?

मुलाने आपली मुलगी पहिल्यांदा मोबाईलवर पाहिली. मोबाईल त्याने दोन्ही हातांत धरला होता. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी त्याने तिला हातात घेतले. तोंडावर मास्क होता. पण डोळे दिसत होते.

घरी बारसे केले, ते घरच्या माणसांत. पाहुण्यांना निरोप दिला, की साथ ओसरल्यावर या. काही रुसले. रुसू द्यावे.

७. आईलाच रोग झाला तर?

हा प्रश्न त्या वेळी घरोघर होता. उत्तर सर्वांना ठाऊक असावे.

मुंबईचे नायर रुग्णालय २०२० साली कोरोनाच्या रोग्यांसाठी राखून ठेवले होते. तिथे रोग झालेल्या शेकडो बायांची बाळंतपणे झाली. रोग आहे म्हणून बाळंतपण थांबत नाही. रोग आहे म्हणून सिझरच करावे लागते, असेही नाही.

सुरुवातीला काही ठिकाणी बाळाला आईपासून दूर ठेवत. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की तसे करू नये. आईने मास्क बांधावा. हात साबणाने धुवावेत. मग बाळाला पाजावे. पहिले चिकाचे दूध तर जरूर पाजावे. आईच्या दुधाने बाळाला बळ मिळते.

पुढे २ जुलै २०२१ रोजी आपल्या सरकारने गरोदर बायांनाही कोरोनाची लस घेण्यास परवानगी दिली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की कोरोनाची जागतिक आणीबाणी संपली. पण साथ पुन्हा कधी येणारच नाही, असे नाही. कधी पटकी आली, कधी प्लेग आला, कधी कोरोना आला. म्हणून तयारी ठेवावी.

८. तयारी कशी करावी?

सातवा महिना लागला की घरात बसून ठरवावे.

सोबती कोण? गरोदर बाईलाच विचारावे. तिला ज्या बाईजवळ धीर वाटतो, तीच निवडावी. ती निरोगी असावी. तिच्या जोडीला दुसरे एक नावही ठरवावे. साथ असेल, तर सोबतीणीने शेवटचे १४ दिवस लग्नकार्य, बाजार, गर्दी टाळावी.

पिशवीत काय? माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक. धुतलेली सुती कापडे. बाळाला गुंडाळायला मऊ कापड. पाण्याची बाटली. साबण. मास्क. मोबाईलचा चार्जर. पिशवी गरोदर बाईच्या हाती द्यावी. आपल्या खांद्यावर ठेवू नये. आमची चूक तुम्ही करू नका.

गाडी कोणती? गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला १०२ नंबर. अडचणीच्या वेळी १०८ नंबर. हे दोन आकडे भिंतीवर कोळशाने मोठे लिहून ठेवा. आता तुम्हाला आकडे येतात.

खर्च किती? सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते. सिझर करावे लागले तरी पैसे पडत नाहीत. औषधे, जेवण, जाण्यायेण्याची गाडी हेही फुकट. २०११ सालापासून ही योजना आहे. तिचे नाव जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. कोणी पैसे मागितले, तर हे नाव सांगावे.

नवऱ्याने काय करावे? त्याला आत घेतले नाही, तरी त्याचे काम संपत नाही. त्याने फाटकाबाहेर थांबावे. मोबाईल चालू ठेवावा. रक्त लागले तर कोणाला बोलवायचे, ते आधी ठरवावे. दर दोन तासांनी सोबतीणीकडून खबर घ्यावी. दारू पिऊन दवाखान्यात येऊ नये. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली की नाही, ते पाहावे.

फाटकावर अडवले तर? भांडू नये. पहारेकरी हुकमाचा ताबेदार असतो. दारावरची पाटी वाचावी. आता तुम्ही वाचू शकता. पाटीवर भेटीची वेळ लिहिलेली असते. सोबतीविषयी काही लिहिलेले नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. असे म्हणावे, "आम्हाला भेटायचं नाही. एक सोबतीण हवी. तिची तपासणी करा. ती आतच राहील."

सोबतीणीने कशावर लक्ष ठेवावे? पुढील गोष्टी दिसल्या, तर लगेच नर्सला हाक मारावी. संकोच करू नये.

कापड पाहता पाहता भिजणे.
डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे.
अंगात ताप भरणे.
श्वास घ्यायला त्रास होणे.
बाळ न रडणे, निळे पडणे किंवा दूध न ओढणे.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. दवाखान्यात सोबत मिळत नाही, रोगाची भीती वाटते, म्हणून बाळंतपण घरी करू नये. आमची सून घरी असती, तर थोरलीने हाक कोणाला मारली असती?

शेवटचे दोन शब्द

आपल्या मराठीत एक गंमत आहे. रोग गावभर पसरला की आपण म्हणतो, साथ आली. संकटात कोणी जवळ राहिले की म्हणतो, त्याने साथ दिली. शब्द एकच. त्या श्रावणात आमच्या घराने दोन्ही अर्थ एकाच दिवशी पाहिले.

माझी ती नात आता पाटीवर अक्षरे गिरवते. तिच्या बापाला ती विचारते, "मी झाले तेव्हा तुम्ही कुठं होता?" तो सांगतो, "फाटकाबाहेर, लिंबाखाली." हाच प्रश्न त्याने मला लहानपणी विचारला होता. मी सांगितले होते, "शाळेत." आता मला वाटते, त्याचे उत्तर माझ्याहून बरे आहे.

शब्दांचे अर्थ

विषाणू – रोग पसरवणारा अतिशय सूक्ष्म कण. तो डोळ्यांना दिसत नाही.
संसर्ग – एकाचा रोग दुसऱ्याला लागणे.
मज्जाव – मनाई, बंदी.
निष्कर्ष – अभ्यासातून शेवटी कळलेली गोष्ट.

प्रश्न

१. दवाखान्याने फाटक का बंद केले होते? दोन कारणे सांगा.
२. भेटायला येणारा आणि सोबत करणारा यांत काय फरक आहे?
३. डॉक्टरांनी आजींना आत का घेतले नाही?
४. थोरल्या सुनेने हाक मारली नसती, तर काय झाले असते?
५. चार्जर कोणाकडे राहिला? त्यामुळे काय झाले?

करून पाहा

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी गरोदर असेल, तर एका कागदावर तीन ओळी लिहा. सोबतीणीचे नाव. तिच्या जोडीला दुसरे नाव. गाडीचे दोन नंबर. तो कागद त्या घराच्या भिंतीवर लावा.